माळ्यावरचे तीन डबे

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या अमळनेरच्या घरातल्या माळ्यावरून इंटरनेटचे तीन डबे खाली उतरले. पहिला टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर चालणारा मोडेम, दुसरा मी बाजारातून विकत घेतलेला दोन अँटेनांचा राउटर आणि तिसरा गेल्या वर्षी बंद केलेल्या फायबर जोडणीचा पांढरा डबा, ज्याला पिवळी वायर अजून गुंडाळलेली होती. दारात आलेल्या भंगारवाल्याने मोडेमचा जुना, जड अ‍ॅडाप्टर तेवढा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, कारण त्याच्या पोटात तांब्याचे वेटोळे असते. बाकीच्याकडे पाहून तो म्हणाला, "हाई प्लास्टिकना भावमा लिसू, दादा."

मी देणारच होतो, पण तिसरा डबा विकण्याचा मला अधिकारच नव्हता. जोडणी घेताना आपण जी अनामत भरतो, ती बहुधा याच डब्याची असते. डबा कंपनीचा, आपण फक्त सांभाळणारे. त्याचा अनुक्रमांक कंपनीकडे आपल्या नावावर नोंदलेला असतो. धुळ्याला राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांनी जोडणी बंद करताना आलेल्या मुलाच्या हाती डबा विश्वासाने दिला, पावती मागितली नाही, आणि तीन महिन्यांनी "तुमच्याकडे उपकरण बाकी आहे" असा फोन आला. अनामत तर गेलीच, वर किमतीची मागणी झाली. त्यामुळे पावतीवर अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय डबा हातातून सोडू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

डबा देण्यापूर्वी, तो चालू स्थितीत असताना, मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून आतले बटण साधारण दहा सेकंद दाबून धरावे. त्याने आपण बदललेला वायफायचा पासवर्ड आणि इतर मांडणी सहसा पुसली जाते. घराची किल्ली कुलपाला लावून कुलूप विकावे, तसे आपण हे डबे देऊन टाकतो.

आता प्रश्न पहिल्या दोन डब्यांचा. 2022 चे ई-कचरा व्यवस्थापन नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यांच्या यादीत मोडेम आणि राउटर आहेत, आणि अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. उत्पादक नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन ती पार पाडू शकतो. कागदावर हे सुबक दिसते. मात्र लक्ष्य वजनात मोजले जाते, आणि पावकिलोच्या डब्यासाठी अमळनेरच्या गल्लीपर्यंत यायला कोणाला परवडेल?

याचे उत्तर मला तरी त्या शिडीवाल्या मुलात दिसते. नवी जोडणी द्यायला तो दुसऱ्याच दिवशी हजर होतो, खांबावर चढतो, भिंतीला भोक पाडतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. त्याच फेरीत जुना डबा, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, पावती देऊन नेण्यात अडचण कोणती? स्थानिक केबलवाल्याला विचारले तर तो म्हणतो, वरून याचे पैसे मिळत नाहीत. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच ते पैसे वरून यायला हवेत. तालुक्यातल्या माणसाला एका डब्यामागे वीस-तीस रुपये मिळाले, तर माळे आपोआप रिकामे होतील.

आपल्या जळगावच्या सराफ बाजाराला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेऊन धुतात, कारण त्यातल्या कणांना किंमत असते. डब्यातल्या हिरव्या पट्टीवर तांबे आणि कथील असते, काही जोडांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. परंतु तेच तांबे काढण्यासाठी उघड्यावर वायरी जाळल्या की प्लास्टिकमधून डायॉक्सिनसारखी विषे धुरात जातात, आणि तो धूर आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. भंगारवाल्यावर माझा राग नाही. त्याच्यापर्यंत दुसरा मार्ग पोहोचलेलाच नाही.

तिसरा डबा मी काउंटरवर जमा केला. पावती कपाटात, वीजबिलांच्या फाइलमध्ये आहे. दुसरा चालू निघाला, पुतण्याने तो लॅन केबल जोडून वरच्या मजल्यावर लावला. तांब्याच्या तारेचा मोडेम मात्र पिशवीत बांधून ठेवला आहे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये कोणी अशी वस्तू नोंदणीकृत केंद्रात स्वतः नेऊन दिली असेल, तर पत्ता आणि वेळ जरूर कळवा.