मज्जा म्हणजे मणका नव्हे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा हात जोडलेल्या चिन्हासकट: 'लिम्फोमा झालेल्या मुलाला दात्याच्या स्टेम सेलशिवाय पर्याय नाही. दाता त्याच रक्तगटाचा लागतो. पण जपून, मणक्यातून मज्जा काढतात, देणारा जन्माचा कमरेतून जातो.' लिम्फोमा म्हणजे प्रतिकारपेशींचा एक कर्करोग, स्टेम सेल म्हणजे हाडांतल्या मज्जेत रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी. आणि मेसेजची तीन वाक्यं, तिन्ही चूक.

मुलांचे हॉजकिन आणि बर्किट लिम्फोमा बहुतेक वेळा केमोनेच बरे होतात, हॉजकिनमध्ये काहींना रेडिएशनही लागतं. दात्याच्या पेशींचा विचार होतो तो आजार उलटला तर, किंवा हिपॅटोस्प्लेनिक टी-सेलसारख्या दुर्मिळ, चिवट प्रकारात. दात्याच्या प्रतिकारपेशी उरल्यासुरल्या कर्करोगावर तुटून पडतात. मुलाच्या स्वतःच्या साठवलेल्या पेशींना ते जमत नाही. मात्र दात्याच्या त्याच पेशी कधी मुलाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावरही उलटतात. म्हणून डॉक्टर उगाच या वाटेला जात नाहीत.

रक्तगटाचं तर सोडाच. जुळावं लागतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या 'आपलं-परकं' ओळखायच्या खुणा. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. आईवडील निम्मे जुळतात, आणि हल्ली तेवढ्यावरही ट्रान्सप्लांट होतो. ए गटाच्या मुलाला ओ गटाच्या बहिणीच्या पेशी रुजल्या, की पुढे त्याचाच गट ओ होतो! 'फक्त बी पॉझिटिव्हवाल्यांनी फोन करा' म्हटलं, की उपयोगी पडू शकणारी माणसं घरी बसतात.

आता मणका. मला वाटतं घोळ शब्दाचा आहे. अस्थिमज्जा वेगळी, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू वेगळा. अस्थिमज्जा काढतात ती पट्ट्याच्या जरा खाली, मागे दोन्ही बाजूंना बोटाला लागतं त्या हाडातून, भूल देऊन, सुईने. काही दिवस ठणकतं, मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

आणि मोठ्या दात्याला अनेकदा तेही करावं लागत नाही. चार-पाच दिवस मज्जेतल्या स्टेम सेल रक्तात उतरवणारी इंजेक्शनं (अंग तापासारखं मोडून येतं, खोटं कशाला बोला), मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, पेशी गाळून दुसऱ्या हातातून परत. विशीतल्या माझ्या मावसभावाने १२ वर्षांच्या धाकट्याला असंच दिलं. काही तास दोन्ही हात अडकलेले. नाक खाजलं की 'आई!' अशी हाक. मावशी नाक खाजवून द्यायची आणि वर विचारायची, 'एवढंच ना रे?' आठवडाभरात तो स्कूटरवरून मंडईत भाजी आणायला गेला.