वजनाचं ऑपरेशन म्हणजे ‘आळशी लोकांचा शॉर्टकट’? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेऊन

एकच मेसेज मला महिन्याभरात चार जणांकडून आलाय, आणि त्यातल्या दोघांना चांगलं माहितीये की माझं स्वतःचं स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढतात ते वजनाचं ऑपरेशन) झालंय, आता चार वर्षं होतील. मेसेज थोडक्यात असा: वजन कमी करायचं ऑपरेशन म्हणजे आळशी लोकांचा शॉर्टकट, तोंडावर ताबा ठेवला तर त्याची गरजच नाही, ऑपरेशनमध्ये जीव जातो, वाचलात तर पोट छोटं झाल्यावर काही करावंच लागत नाही, केस गळतात, गोळ्या जन्माच्या मागे लागतात, आणि एवढं करून दोन वर्षांत वजन जिथल्या तिथे. हे वाचून कुणी ऑपरेशन टाळलं तर वाईट वाटतंच, पण त्याहून वाईट म्हणजे ज्यांचं झालंय ती माणसं ते लपवायला लागतात, आणि लपवण्याने काय होतं ते मी जवळून बघितलंय. त्यावर येतेच शेवटी.

‘तोंडावर ताबा ठेवला तर गरजच नाही’

ठेवला होता ताबा. तीनदा. एकदा 18 किलो उतरवले, एकदा 22, एकदा 11, आणि तिन्ही वेळा ते परत आले, येताना वर दोन-चार घेऊन आले. त्या दिवसांत माझी इच्छाशक्ती कमी पडली असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही, कारण रात्री दीड वाजता भुकेने जाग आल्यावर ग्लासभर पाणी पिऊन परत आडवी होणारी बाई मीच होते, रोज, कित्येक महिने.

शरीराला वजन उतरणं म्हणजे दुष्काळ वाटतो. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, आणि बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरीज, वजन घटल्याच्या हिशोबाने जेवढ्या कमी व्हायला हव्यात त्याच्यापेक्षा जास्त कमी होतात. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन कमी करायच्या स्पर्धेत उतरलेल्या 14 जणांना सहा वर्षांनी परत तपासलं होतं, 2016 साली तो अभ्यास आला. बहुतेकांचं वजन बरंच परत आलेलं होतं, पण शरीर अजूनही दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमीच जाळत होतं. सहा वर्षांनी! आता या माणसांनी व्यायाम केला नव्हता असं तर कुणी म्हणणार नाही ना.

ऑपरेशन नेमकं इथे काम करतं. 2002 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात डाएटने वजन कमी केलेल्यांचं घ्रेलिन वाढलेलं सापडलं आणि गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) झालेल्यांचं खूप खाली गेलेलं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि त्यात घ्रेलिन बनवणारा वरचा फुगीर भाग जातो. बायपासमध्ये अन्न लवकर पुढच्या आतड्यात पोचतं, पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स वाढतात. नुसतं पोट छोटं केल्याने जमलं असतं तर एवढं सगळं लागलंच नसतं. मला ऑपरेशननंतर पहिल्यांदा ‘पुरे’ असं आतून जाणवलं तेव्हा मी ताटासमोर बसून रडले होते, बाकीच्यांना हे जन्मापासून मिळालेलं असतं हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

‘ऑपरेशनमध्ये जीव जातो’

धोका शून्य आहे असं सांगणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठा. पण आकडा बघा. अमेरिकेत 4,776 जणांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2009 साली आला, त्यात पहिल्या 30 दिवसांतले मृत्यू 0.3 टक्के, म्हणजे हजारात तिघं. आणि ही माणसं आधीच डायबेटिस, बीपी, झोपेत श्वास अडकणं असलं सगळं घेऊन टेबलावर गेलेली होती.

जे खरे धोके आहेत त्यांचं मेसेजमध्ये नावही नाही: टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. म्हणून तर ऑपरेशन झाल्यावर काही तासांतच नर्स उठवून चालवते, मी भिंतीला हात लावत सलाईनच्या स्टँडसकट कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, अंतर असेल वीसेक पावलं, आणि मला वाटलं डोंगर चढले. घरी आल्यावर नाडी सतत 120 च्या वर, ताप, श्वास लागणं, पोटात वाढतं दुखणं किंवा डाव्या खांद्यात कळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.

आणि ऑपरेशन न करण्यालाही धोका असतो, तो कुणी मोजत नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून 4,047 लोकांवर अभ्यास चालू झाला, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना नेहमीचे उपचार. 2020 मध्ये आलेल्या हिशोबात ऑपरेशनवाल्यांचं आयुष्य सरासरी तीन वर्षांनी जास्त निघालं. तरी ते सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच होतं, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते मी लपवणार नाही.

‘पोट छोटं झाल्यावर काही करावंच लागत नाही’

हे लिहिणाऱ्याने एकदा माझ्याबरोबर पहिला आठवडा काढायला हवा होता.

ऑपरेशनच्या आधीच दोन आठवडे कमी कॅलरीचं, बरंचसं पातळ खाणं असतं, कारण लिव्हरचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, तो आकसला तर सर्जनला जागा मिळते. मग ऑपरेशन. मग घरी येऊन माझ्यासमोर काय, तर औषधाच्या बाटलीवर येतं ते मापाचं छोटं प्लास्टिकचं झाकण. त्यात पाणी ओतायचं आणि घोट घोट करत पंधरा मिनिटांत संपवायचं, मग पुढचं झाकण, मग त्याच्या पुढचं, दिवसभर हेच, दीड लिटरचं टार्गेट आणि मी पहिल्या दिवशी त्याच्या निम्म्यालाही पोचले नाही. मोठा घोट घेतला की छातीच्या मधोमध गोळा अडकल्यासारखं दुखायचं. मी वहीत रेघा मारायचे, एका झाकणाला एक रेघ. ती वही अजून आहे माझ्याकडे.

पातळ, मग दाटसर, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं करत साधं जेवण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन, ते एवढ्याशा पोटात बसवायचं म्हणजे प्रत्येक घासाचा हिशोब. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजनाचा काटा थांबतो, जवळपास सगळ्यांचाच थांबतो, आणि मला मात्र तेव्हा वाटलं की माझंच फसलं. सर्जनच्या टीममधल्या डाएटिशियनने तेव्हा काटा कपाटात ठेवायला लावला.

आणि डोक्यातली भूक कुणी कापून काढत नाही. ताण आला की खायचं ही सवय 30 वर्षांची होती, पोट गेलं तरी ती शाबूत. काहींची ती सवय दारूकडे वळते, बायपासनंतर तर दारू फार पटकन चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, म्हणून ऑपरेशनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात तेव्हा ती फॉर्मॅलिटी समजू नका, खरं खरं बोला.

‘केस गळतात, गोळ्या मागे लागतात’

केस गळतात, हो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात माझ्या कंगव्यात मूठभर यायचे. शरीराला मोठा धक्का बसल्यावर होतं तसं ते होतं, आणि बहुतेकांचे परत येतात, प्रोटीन आणि लोह नीट असेल तर.

गोळ्याही खऱ्या आहेत, जन्मभराच्या आहेत. बी 12, लोह, कॅल्शियम, डी, मल्टिव्हिटॅमिन. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत, नाहीतर एक दुसऱ्याला शोषू देत नाही. ठरल्याप्रमाणे रक्ताच्या तपासण्या. पण मी ऑपरेशनआधी बीपीच्या दोन आणि शुगरच्या तीन गोळ्या घेत होते आणि तेव्हा कुणी मला ‘गोळ्या मागे लागल्या’ म्हणून हळहळलं नव्हतं.

‘दोन वर्षांत वजन जिथल्या तिथे’

नाही येत. थोडं येतं. सगळ्यात कमी वजन साधारण वर्ष-दीड वर्षात दिसतं, त्यानंतर काही किलो बहुतेकांचे परत चढतात, माझे 6 चढलेत. स्वीडनच्याच अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन 15 वर्षांनीही सुरुवातीपेक्षा सरासरी 27 टक्के कमी होतं, आणि ऑपरेशन न केलेल्यांचं जवळपास तिथेच. काहींचं बरंच परत येतं हेही खरं, पण अशा माणसाला ‘बघ, फुकट गेलं’ म्हटलं की तो फॉलोअपला जायचाच बंद होतो, आणि मग वजनासोबत तपासण्याही सुटतात.

आता ते लपवण्याचं. माझ्याबरोबर फॉलोअपला येणारी एक ताई होती, तिचा बायपास. सासरी कुणालाच सांगितलं नव्हतं, ‘शॉर्टकट’ ऐकायचं नव्हतं तिला. गुडघा दुखायचा म्हणून जवळच्या डॉक्टरांकडे गेली, घरची माणसं सोबत होती त्यामुळे तिथेही बोलली नाही, त्यांनी साधी पेनकिलर दिली, ती तिने दोन महिने खाल्ली. बायपासनंतर त्या प्रकारच्या (आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या) पेनकिलरने जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. तिला काळी शी व्हायला लागली, चक्कर येऊन पडली, रक्त चढवावं लागलं. बरी आहे ती आता. पण एक वाक्य तिला मोकळेपणाने बोलता आलं असतं तर हे झालंच नसतं.

जे अजून ठरवतायत त्यांना माझा आग्रह नाही. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बीएमआय (उंचीच्या हिशोबात वजन किती ते सांगणारा आकडा) 35 च्या वर असेल तर, किंवा 30 च्या वर आणि सोबत डायबेटिससारखा आजार असेल तर विचार करता येतो, आशियाई लोकांसाठी ही रेष 27.5 पासून. फार ॲसिडिटी असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, सर्जनला आधीच सांगा. सिगरेट ओढत असाल तर सोडा. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने थांबायला सांगतात. सर्जनला विचारा की दोन वर्षांनी, पाच वर्षांनी मला कोण तपासणार, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा.

माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवलीये. त्यावर ऑपरेशनची तारीख, प्रकार, सर्जनचा नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरात दोन ओळी: विचारल्याशिवाय पेनकिलर देऊ नका. खूप उलट्या होत असतील तर ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी 1) द्या. त्या ताईलाही तशीच एक करून दिलीये, तिने ती नवऱ्याच्या पाकिटात ठेवलीये.