कुत्रा आहे ना? मग घर मिळालंच समजा!

भाड्याचं घर शोधायला निघण्यापूर्वी भाषा सुधारून घ्या. तुमच्याकडे कुत्रा आहे, असं आजवर तुम्ही लोकांना बिनधास्त सांगत आलात. यापुढे तुमच्याकडे 'एक छोटंसं' आहे. छोटंसं काय, हे समोरच्याने विचारलं तरच सांगायचं आणि सांगताना हाताने उंची दाखवायची. लॅब्रॅडोर असेल तर आधी खुर्चीत बसा, मग दाखवा.

जाहिरातीत 'पाळीव प्राणी चालतील' असं दिसलं की हुरळून जाऊ नका. मासे चालतात. कासवही चालतं, कारण ते चालल्याचं कुणाला कळत नाही. मांजरीचं 'बघू'. कुत्रा म्हटलं की मालक सांगतात, "आम्हाला स्वतःला कुत्रे फार आवडतात हो!" एवढं ऐकलंत की फोन ठेवायला हरकत नाही. यापुढे 'पण' येतो आणि 'पण'च्या मागोमाग शेजारी. शेजाऱ्यांना चालत नाही. शेजारी भेटले तर ते सांगतात, मालकांना चालत नाही.

त्यातून शहर मध्यम आकाराचं असेल तर तुमचं नशीबच थोर. महानगरात निदान अनोळखी माणसं नकार देतात. इथे एजंट असतात मोजके, ते एकमेकांना ओळखतात, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तुमचं नाव पुसलं जाऊन 'तो कुत्रावाला' एवढंच उरतं.

काही इमारतींत वजनाचा नियम असतो. दहा किलोंपर्यंत परवानगी. हा नियम करणाऱ्याने जॅक रसेल टेरिअर पाहिलेला नसावा. सात-आठ किलोंचा तो जीव दिवसभर सोफा, खिडकी, दार, पुन्हा सोफा अशा फेऱ्या मारू शकतो. उलट तीस किलोंचा ग्रेहाउंड ताशी 70 किलोमीटरच्या आसपास धावतो खरा, पण धावून झालं की उरलेला बहुतेक दिवस लोळून काढतो. फ्लॅटला याहून शांत भाडेकरू मिळणं कठीण. हे मी एका मालकांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे धावतो ना?"

मांजरवाल्यांनी फार हसू नये. घर बघायला जाताना काळी पँट घालू नका, एवढंच सांगतो. आमच्याकडे पांढरी मांजर होती तेव्हाची गोष्ट. "घरात आम्ही दोघंच," असं मी ठासून सांगत होतो आणि मालकांची नजर माझ्या गुडघ्यावर खिळली होती. त्यांनी चिमटीत एक केस उचलला, उजेडाकडे धरून पाहिला आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिला.

कागदपत्रं मात्र चोख ठेवा. रेबीजच्या लसीचं कार्ड, नसबंदीचा दाखला, झोपलेल्या अवस्थेतला फोटो आणि आधीच्या घरमालकांचं शिफारसपत्र. आधीच्या घरमालकांना कुत्र्याचा पत्ताच नव्हता, ही अडचण ज्याची त्याने सोडवावी. भुंकण्याबद्दल विचारलं तर खुशाल सांगा, "आमचा कधी भुंकतच नाही." हे खोटं नाही. एकटं पडायला घाबरणारा कुत्रा तुम्ही घराबाहेर पडल्यावर भुंकतो. तुम्ही कसं ऐकणार?

आणि एक दिवस घर मिळतंच. तळमजला, उजेड बेताचा, डिपॉझिट जास्त. करारात एक कलम खास तुमच्यासाठी: प्राण्यामुळे वास आल्यास खर्च भाडेकरूचा. बघायला गेलात त्या दिवशी सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, याचं तुम्हाला कौतुकच वाटलेलं असतं. सामान लावून होतं, हवा दमट होते, आणि आतल्या खोलीचा कोपरा बोलू लागतो. लघवीतले युरिक ॲसिडचे स्फटिक पाण्याने धुतले जात नाहीत. ओल मिळाली की जुना वास पुन्हा उठतो. तुमचा कुत्रा सरळ त्या कोपऱ्यात जातो, बराच वेळ हुंगतो आणि ओळख पटल्यासारखा तंगडी वर करतो.

तुम्ही मालकांना फोन लावता. आधी इथे कुणाचा कुत्रा होता का?

"छे, छे!" मालक म्हणतात. "एकटेच राहायचे हो बिचारे."