चाबूक नव्हे, लगाम

आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणालं, तर आजी उंबऱ्यावर थांबवून 'येतो' म्हणायला लावते. अशा घरात वाढलेल्या माणसाने अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर स्थलांतरितांना कसं वागवतात त्याच्या बातम्या वाचून अस्वस्थ व्हावं, हे मला पटत नाही. तिथली साहेबमंडळी आपल्यासारखीच आहेत हो. वाईट म्हणून काही तोंडातून काढत नाहीत. तेव्हा फॅमिली ग्रुपवर एखाद्या अतिशहाण्या भाचीने तसला फोटो टाकला, तर गडबडून जाऊ नका. योग्य शब्द टाका आणि चहा गार व्हायच्या आत प्या.

घोड्यांपासून सुरुवात करू. सप्टेंबर २०२१, टेक्सासमधलं डेल रिओ. पुलाखाली हजारो हैतीयन माणसं मुक्काम ठोकून होती आणि नदीपलीकडच्या मेक्सिकोतून खायला घेऊन परत येत होती. त्यांच्यावर बॉर्डर पेट्रोलचे, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या सरकारी दलाचे, स्वार घोडे घालत होते. एका फोटोत एका माणसाच्या हातात खाण्याच्या पिशव्या आहेत आणि घोड्यावरून वाकलेल्या स्वाराने त्याचा शर्ट मुठीत धरलाय. स्वारांच्या हातात काहीतरी लांब, वळवळणारं दिसत होतं. जगभर ओरडा झाला, चाबूक, चाबूक! मग रीतसर चौकशी झाली आणि जुलै २०२२ मध्ये पाचशेहून जास्त पानांचा अहवाल आला. लगामाचा फटका कोणाला बसल्याचा पुरावा नाही, असं त्यात आहे. बळाचा वापर मात्र अनावश्यक होता, असंही त्यातच आहे. तुम्ही पहिलं वाक्य वाचून थांबायचं आणि भाचीला लिहायचं, 'अगं, चाबूक नव्हे, लगाम.' अंगठा येतोच कोणाचा तरी.

पुढचा शब्द हिएलेरा. स्पॅनिशमध्ये बर्फाची पेटी. सीमेवर पकडलेल्यांना ज्या कोठड्यांत ठेवतात, त्यांना हे नाव तिथे झोपून आलेल्यांनी दिलंय, म्हणजे पूर्वग्रहदूषित. सिमेंटची फरशी, रात्रभर दिवे आणि पांघरायला चंदेरी कागद. आपण डब्यात पोळ्या गुंडाळतो ना, त्या फॉइलची चुलत बहीण. कूस बदलली की चुरचुर वाजते. ॲरिझोनातल्या कोठड्यांवर २०१५ साली खटला झाला आणि २०२० साली न्यायाधीशांनी सांगितलं की ४८ तासांवर ठेवायचं असेल तर झोपायला जागा, आंघोळ, धड जेवण आणि वैद्यकीय तपासणी द्यावी लागेल. पाच वर्षं लागली, पण घाई कशाला? तोवर तुम्ही 'वातानुकूलित' म्हणू शकत होतात.

साबणाची गोष्ट मात्र तपशिलात सांगायला हवी, कारण इतकी नजाकत मराठीतही सापडायची नाही. १९९७ च्या एका कोर्टातल्या तडजोडीनुसार ताब्यातल्या स्थलांतरित मुलांना 'सुरक्षित आणि स्वच्छ' परिस्थितीत ठेवणं सरकारवर बंधनकारक आहे. जून २०१९ मध्ये सरकारी वकील सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात उभ्या राहिल्या. त्यांचा युक्तिवाद असा, की तडजोडीत साबण, टूथब्रश असे शब्द नाहीत, तेव्हा थोड्या दिवसांसाठी ते द्यायलाच हवेत असं नाही. समोर तीन न्यायाधीश बसले होते. त्यांतले एक, वॉलेस ताशिमा, जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात याच अमेरिकेने त्यांना लहानपणी ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत डांबलं होतं. सरकार तेव्हाही त्याला तुरुंग म्हणत नव्हतं, 'स्थलांतर केंद्र' म्हणत होतं. आता अशा माणसासमोर 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थ लावायला जाणं म्हणजे वकीलबाईंचं नशीबच फुटकं. माफ करा, वाढलेलं. ऑगस्टमध्ये सरकार हरलं. तुम्ही खचू नका. 'आमच्या लहानपणी आम्ही राखुंडीने दात घासायचो' हे वाक्य अजून हाताशी आहे.

पाण्याचं काय करायचं, तेही सांगतो. १९९४ पासून अमेरिकेचं धोरण असं आहे, की शहरांजवळच्या वाटा बंद करायच्या, म्हणजे लोक वाळवंटाकडे वळतील आणि वाळवंट त्यांची समजूत काढेल. याला 'परावृत्त करून प्रतिबंध' म्हणतात. वाळवंटाने खरंच हजारोंची समजूत काढली. जून २०१९ मध्ये पंजाबातली सहा वर्षांची मुलगी तिथेच उष्माघाताने गेली. तिची आई पाणी शोधायला गेली होती. अशांसाठी काही स्वयंसेवक पायवाटांवर पाण्याचे कॅन ठेवतात. २०१२ ते २०१५ या काळात फोडलेले, ओतलेले असे ३,५८६ गॅलन-कॅन त्यांनी मोजले आणि बोट प्रामुख्याने गस्तीच्या जवानांकडे दाखवलं. कॅनला लाथ घालतानाची चित्रफीतही २०१८ च्या जानेवारीत बाहेर आली. त्याच दिवशी काही तासांत त्यांच्यातल्या एका स्वयंसेवकाला दोन स्थलांतरितांना आसरा दिल्याबद्दल अटक झाली, हा योगायोग. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला. दुसऱ्या चौघींना अभयारण्यात कॅन ठेवल्याबद्दल दोषी ठरवलं. गुन्हा काय, तर विनापरवाना प्रवेश आणि मालमत्ता टाकून जाणे. २०२० साली तो निकालही फिरला, पण शब्द बघा ना काय साधलाय! पाणपोई घातली, तर कचरा केला म्हणून खटला. चैत्रात रांजण मांडणाऱ्या आपल्या आजोबांची धडगत नव्हती.

गोळीबाराबद्दल फार बोलू नका. २०१० साली टेक्सासमधल्या एल पासोच्या बाजूने उभ्या असलेल्या बॉर्डर पेट्रोलच्या एजंटाने पलीकडे मेक्सिकोतल्या हुआरेझच्या हद्दीतला पंधरा वर्षांचा मुलगा मारला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की आईबापांना त्या एजंटावर भरपाईचा दावा लावता येणार नाही. गोळीने सीमा ओलांडली तरी चालते, दाव्याने ओलांडायची नाही.

एवढं करूनही भाची ऐकेना, तर हुकमाचं पान काढा: 'बेकायदेशीर आहेत ते.' ती म्हणेल, मामा, अमेरिकेच्या कायद्यातच लिहिलंय की देशात पोचलेल्या कोणालाही आश्रय मागता येतो, मग तो ठरलेल्या नाक्यावरून आलेला असो वा नसो. तेव्हा न्यू जर्सीतल्या पुतण्याचं उदाहरण द्या. बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे, पण कसा शिस्तीत! हल्ली तो भाजी आणायला जातानाही कागद खिशात ठेवतो, एवढं तेवढं सांगू नका.

आणि ५ फेब्रुवारी २०२५ चा विषय निघालाच, तर शांतपणे घ्या. त्या दिवशी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरले. हातात बेड्या, पायात साखळ्या. बॉर्डर पेट्रोलच्या प्रमुखांनी त्या साखळ्यांची चित्रफीत पार्श्वसंगीत लावून जगाला दाखवली. दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं, की ही २०१२ पासूनची ठरलेली कार्यपद्धती आहे. बेड्या नव्हेत, कार्यपद्धती. झालं.

फक्त त्या १०४ जणांत तिघं महाराष्ट्रातले होते, त्यांच्या घरी चौकशीला जाऊ नका. निघताना त्यांनाही कोणीतरी उंबऱ्यावर थांबवून 'येतो' म्हणायला लावलं असणार. अमेरिकेने स्वखर्चाने, विमानाने, आणून सोडलं की.