विटेचा वीट

कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, एवढंच काम त्या रविवारी माझ्याकडे होतं. मी चार मोजल्या, गॅस बंद केला, आणि दुपारी सगळ्यांच्या दाताखाली तूरडाळ कडकड वाजली. चारांपैकी दोन शिट्ट्या कुकरच्या नव्हत्या. त्या स्पीकरवर चाललेल्या इयन अँडरसन या रॉक गायकाच्या बासरीच्या होत्या.

"गाणं बंद करून ठेवता येत नव्हतं का?" बायको.

"मधेच कसं बंद करणार? एकच तर गाणं आहे."

"मग ते संपल्यावर कुकर लावायचास."

"चव्वेचाळीस मिनिटांचं आहे ते."

आई वरणातली डाळ ताटाच्या कडेला काढत म्हणाली, "तेवढ्यात माझं विष्णुसहस्रनाम होऊन वर एक चहा होतो."

गेली तीसेक वर्षं माझी एकच माफक इच्छा आहे. अँडरसनच्या 'जेथ्रो टल' या ब्रिटिश रॉक बँडचा 'थिक ॲज अ ब्रिक' हा अल्बम घरात बसून एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सलग ऐकायचा. लोक हिमालयात जाऊन येतात. माझी मजल एकतिसाव्या मिनिटापलीकडे जात नाही.

या अल्बमचा जन्मच मुळी वैतागातून झालाय, म्हणूनही तो मला जवळचा वाटत असेल. 1971 साली या मंडळींचा 'ॲक्वालंग' आला आणि समीक्षकांनी त्याला कन्सेप्ट अल्बम ठरवून टाकलं. म्हणजे सगळ्या गाण्यांतून एकच विषय, एकच कथासूत्र वगैरे. अँडरसन सांगून दमला की बाबांनो, ती सुटी गाणी आहेत. कोणी ऐकेना. मग त्याने पंगतीत आग्रह करणाऱ्याच्या पानात अख्खं पातेलं उपडं करावं तसा 1972 मध्ये हा अल्बम ओतला. आख्ख्या तबकडीवर एकच गाणं. वर थाप अशी की हे काव्य जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाचं आहे, त्याला बक्षीस मिळालं होतं आणि मग लोकांनी ओरडा केल्यावर ते काढून घेतलं. असा मुलगा अर्थातच नव्हता. थट्टा करायला म्हणून केलेली ही गोष्ट इतकी सुरेख झाली की अमेरिकेत ती विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. अनेकांना थट्टा कळलीच नाही. मलाही कळायला सहा वर्षं लागली, आणि कळल्यावर आवड वाढली.

मी ते पहिल्यांदा ऐकलं मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, त्यामुळे हे गाणं तिच्यात जणू मापं घेऊन शिवल्यासारखं बसायचं. मूळ तबकडीवर मात्र ते दोन बाजूंना वाटलेलं. मित्राने रेकॉर्ड प्लेअरसमोर टू-इन-वन ठेवून ते भरलेलं असल्याने पहिली बाजू विरत जाताना त्याच्या चपलांचा आवाज येतो, तबकडी उलटताना खरखर, आणि लांबून त्याची आई ओरडते, "अरे, पानं घेतलीयेत!" पुढे मी महागडी सीडी घेतली तेव्हा त्या जागी कानांनी पानांची वाट पाहिली. काहीच आलं नाही. पैसे वाया गेल्यासारखं वाटलं.

पाहुण्यांची वेगळीच तऱ्हा. सुरुवातीची तीन मिनिटं मुख्यतः गिटार, बासरी आणि अँडरसनचा आवाज, अगदी अंगणात बसून गायल्यासारखी. ती ओसरली की समोरचा सभ्यपणे म्हणतो, "वा, छान होतं." तेवढ्यात ऑर्गन आणि ड्रम अंगावर येतात. मग ताल बदलतो, पुन्हा बदलतो, आणि पाहुणा चहाच्या कपात बघत बसतो. आमच्या शेजारच्या काकांनी, जे सवाई गंधर्वला पाऊण तासाच्या विलंबितावर डोळे मिटून मान डोलवतात, मला विचारलं होतं, "हे अजून तेच चाललंय?" मी म्हटलं, काका, मुखडा शेवटी परत येतो, तेवढं थांबा. खरंच येतो. शेवटी सगळा गोंगाट निवतो आणि पहिल्या मिनिटातली गिटार, तेच शब्द घेऊन, हळूच घरी परतते. काका त्याआधीच घरी परतले होते.

बँडच्या नावावरूनही एकदा वाद झाला. जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी, पेरणीचं यंत्र बनवण्यासाठी नावाजलेला. हे मी गावाकडच्या मामांना कौतुकाने सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे तिफण. ती आमच्या पणज्याकडं पण होती. त्यानं काय बँड नाही काढला."

आईचा विरोध मात्र एका फोटोने मावळला. अँडरसन एका पायावर उभा, दुसरा गुडघ्यात मुडपलेला, ओठांना आडवी बासरी. आईने चष्मा पुसून पाहिलं. "दाढी सोडली तर कृष्णच की रे. आणि त्या गाण्याचं नाव काय म्हणालास?" मी अर्थ सांगितला: विटेसारखा मठ्ठ. "म्हणजे बासरी कृष्णाची आणि वीट विठोबाची. मग एकच की ते." त्या दिवसापासून ती मधे बोलत नाही. फक्त बायको म्हणते, "तुमचं माय-लेकरांचं चालू द्या. मला त्या विटेचा वीट आलाय."

तिचा राग मी समजू शकतो. पण माझाही एक आहे. या अल्बमचं वेष्टन म्हणजे बारा पानी वर्तमानपत्र. खोटं गाव, खोट्या बातम्या, शब्दकोडं, छोट्या जाहिराती, सगळं. गाण्यापेक्षा तो पेपरच तयार करायला जास्त वेळ लागला, असं अँडरसन सांगतो. मी जुन्या बाजारातून ती तबकडी आणली, पगाराच्या मानाने बेतालच पैसे देऊन. दिवाळीची साफसफाई झाली. पेपर सापडेना. रद्दीवाल्याच्या दुकानात जाऊन दोन तास गठ्ठे उपसले. शेवटी तो मिळाला स्वयंपाकघरातल्या फडताळात, व्यवस्थित घडी घालून अंथरलेला, लोणच्याच्या बरणीखाली. जेराल्ड बॉस्टॉकच्या कपाळावर आता तेलाचा गोल टिळा आहे. बायकोचं म्हणणं, "तारीख बघितली. 1972 ची होती. इतका शिळा पेपर कोण ठेवतं?"

मध्यंतरी वाचनात आलं की 1972 च्या दौऱ्यात हे गाणं रंगमंचावर ऐन रंगात असताना फोन वाजायचा. सगळा बँड जागच्या जागी थांबायचा. अँडरसन फोन घ्यायचा, बोलायचा, आणि मग गाणं पुढे सुरू. हवामानाचा अंदाजही वाचून दाखवायचे म्हणे. मी ते तीनदा वाचलं. ज्याने हे गाणं केलं त्यालाच ते सलग वाजवू देत नव्हते, आणि मी इथे दाराची बेल काढून ठेवतोय!

परवाच्या रविवारी एकतिसाव्या मिनिटाला फोन वाजला. मी शांतपणे उचलला. कुठल्याशा क्रेडिट कार्डचा मुलगा होता. "एक मिनिट हं," म्हटलं, आणि फोन स्पीकरशेजारी ठेवून दिला. गाणं चालू राहिलं. कुकर नव्हता, बेल नव्हती, आई डोळे मिटून बसली होती. मुखडा परत आला. संपलं. तेरा मिनिटांनी फोनची आठवण झाली. कानाला लावला तर मुलगा अजून लाइनवर.

"सर," तो म्हणाला, "तुमची होल्डची ट्यून खूप मोठी आहे. बदलली का मधे?"

"नाही. एकच आहे."

"छान आहे, सर. तर कार्डाचं काय करायचं?"