वाढदिवसाला घरीच गड्डा भरवा

पोराच्या वाढदिवसाची थीम ठरवायची म्हटलं की आपण आधी भिंतीकडे बघतो. मागे कार्टूनचा फ्लेक्स, फुग्यांची कमान, त्याच रंगाचा केक. फोटो झकास येतात. पण फोटो उरकले की पंधरा पोरांच्या हाताला काहीच काम उरत नाही, मग सोफ्यावरून उड्या सुरू होतात आणि सगळ्यात आधी ती कमानच फुटते. पोरांच्या हाताला काम देत नाही ती थीम घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलापुरात त्यासाठी डोकं खाजवायची गरज नाही. संक्रांतीला होम मैदानावर भरणारा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, इथल्या पोरांना पाठ असतो. तोच घरात भरवा. फक्त नंदीध्वज, म्हणजे जत्रेत मिरवतात त्या उंच काठ्या, आणि मिरवणूक खेळात आणू नका, तो श्रद्धेचा भाग आहे. आपण घ्यायचे ते स्टॉल.

पाच ते आठ वर्षांच्या १५ मुलांना चार स्टॉल पुरतात: रिंग टाकणे, ग्लास पाडणे, गालावर चित्र काढणे आणि भेळ. प्रत्येक स्टॉलवर एक मोठं माणूस हवंच. मुलामागे ६ कुपनं, म्हणजे ९० लागतात. एका ए-फोर कार्डशीटची १६ होतात, सहा शीट आणा.

खरी मेहनत रिंगच्या स्टॉलवर घ्या. एक लिटरच्या सहा बाटल्या पाव भाग वाळूने भरा, रिकाम्या बाटल्या धक्क्यानेच पडतात. रिंग पुठ्ठ्याची, आतून १५ सेंटीमीटर, आणि दोन थर चिकटवलेली. एकाच थराची हलकी होते, भरकटते. पाच वर्षांच्या पोराला तीन फुटांवर रेघ, आठच्याला पाच फुटांवर. रिंग लहान केली की सगळे नेम चुकतात आणि पोर रडायला लागतं. म्हणून नेम चुकला तरी एक गोळी द्यायचीच.

ग्लास कागदी घ्या. पत्र्याच्या डब्यांच्या कडा कापतात. तीन-दोन-एक असा मनोरा आणि मारायला गुंडाळलेला मोजा. हा स्टॉल पंख्याच्या वाऱ्याखाली लावू नका, मनोरा आपोआप कोसळतो.

मंडपासाठी फ्लेक्स कशाला? सोलापुरी चादरी घरात आहेतच. चादरीला पिना टोचू नका, वजनाने विणीला भोक पडतं. कोपऱ्यात आतून एक गोटी ठेवा, कापड तिच्याभोवती गोळा करा आणि गोटीच्या खाली सुतळी आवळून बांधा. सुतळी निसटत नाही, चादर फाटत नाही. सुतळीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. दोन चादरींत एका स्टॉलवर छान छत होतं.

भेळ मात्र जपून. ३० पुड्यांना पाऊण किलो चुरमुरे पुरतात, पण कालवायचे ते समोर आणि थोडे थोडे. आधी कालवले की सादळतात. चार वर्षांखालचं कुणी असेल तर त्याच्या पुडीत अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. तिथे दाण्याचं कूट घाला.

एप्रिल-मे मधला वाढदिवस असेल तर गच्चीवर संध्याकाळी सहाच्या आत नको, फरशी तापलेली असते. फुगे पाऊणच फुगवा. उन्हाने आतली हवा प्रसरण पावते आणि गच्च फुगवलेले पटापट फुटतात. फुटलेल्या रबराचे तुकडे लगेच उचला, लहानगी तोंडात घालतात. गॅसचे फुगे तर आणूच नका. पुष्कळदा त्यात हायड्रोजन असतो आणि केकवरच्या मेणबत्तीने तो भडकतो.

केक फ्रीजबाहेर काढायचा तो अगदी कापायच्या वेळी, तोही स्टॉल बंद झाल्यावर. आधी कापला तर पोरांचे हात क्रीमने माखतात आणि मग ते हात थेट चादरींना.