दाजींची शंभर रुपयांची क्लिप

गेल्या रविवारी जालन्याहून दाजींच्या नव्या गाडीत संभाजीनगरला निघालो. समृद्धीवर चढताना बेल्ट ओढला, तर बक्कलच्या खाचेत आधीच एक पट्टी खोचलेली. "राहू दे रे, बेल्ट नाही लावला की गाडी नुसती टुंगटुंग करती. शंभरात जोडी भेटली," दाजी म्हणाले. "सहा एअरबॅगा हायेत की, बेल्ट कशाला?" आणि पुरावा काय, तर भावकीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलेला तो मेसेज. 'नवी गाडी घेणाऱ्यांनो, सावधान!' एअरबॅग असली की बेल्ट नको, जुन्या गाड्यांचा पत्रा जाड म्हणून त्या मजबूत आणि नव्या म्हणजे डबडी, कंपन्या आपल्याला कमअस्सल माल देतात, अन् तीच गाडी परदेशात निम्म्या किमतीत मिळते. मागे ताई आणि दोन पोरं, तीही बिनबेल्टची.

बेल्टचंच आधी. एअरबॅगच्या झाकणावर 'एसआरएस' कोरलेलं असतं, त्यातला पहिला शब्द सप्लिमेंटल, म्हणजे पूरक. पूरक कशाला? बेल्टला! धडक बसली की ती पिशवी पापणी लवायच्या आत, ताशी 300 किलोमीटरच्या घरातल्या वेगाने फुगते. बेल्टने धड धरून ठेवलं असेल तर डोकं फुगलेल्या पिशवीवर टेकतं. बेल्ट नसला तर ब्रेक दाबतानाच माणूस पुढे घसरतो आणि पिशवी फुगत असतानाच तिच्या तोंडी जातो. मग वाचवायला ठेवलेली वस्तूच मानेवर, छातीवर आदळते. गाडी उलटली तर माणूस काचेतून बाहेर, तिथे कुठली पिशवी आली? आणि दाजी, पुढच्या दोन एअरबॅगा मागच्या पोरांच्या काय कामाच्या? 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्रींची मर्सिडीज पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या सीटवरचे दोघेही गेले, दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते. पुढचे दोघे वाचले.

बेल्ट न लावताच टुंगटुंग बंद करणाऱ्या ह्या क्लिपा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांना काढून टाकायला लावल्या, 13,118 जाहिराती उतरल्या. तरी आमच्या दाजींना मिळाल्याच.

आता जाड पत्रा. आमच्या आबांच्या ॲम्बेसेडरला बैलगाडीची धडक बसली तरी पोचा पडत नव्हता, हे मीही लहानपणापासून ऐकतोय. पण 2009 मध्ये गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू एकमेकींवर सोडल्या, दोन्ही ताशी सुमारे 64 किलोमीटरने. व्हिडिओ पाहा एकदा. जुन्या गाडीचं केबिनच चेपलं, स्टिअरिंग अंगावर आलं. त्यात खरा माणूस असता तर मेला असता. नव्या गाडीच्या चालकाला पायाला दुखापत, एवढंच. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळतं, मार स्वतः खाऊन केबिनपर्यंत पोचू देत नाही. तिथे पोचा नाही पडला, तर तो धक्का तुमच्या बरगड्यांत उतरतो.

कमअस्सल मालाचं मात्र मानावं लागतं. निदान 2014 पर्यंत तरी. त्या वर्षी ग्लोबल एनकॅप या, गाड्या आदळून सुरक्षेला पाचपैकी तारे देणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच गाड्या तपासल्या आणि पाचहींना शून्य तारे मिळाले. पोलोला एअरबॅगशिवाय शून्य, दोन एअरबॅगांसह चार! पण पुढे 2018 मध्ये नेक्सॉनला पाच मिळाले, 2024 मध्ये नव्या डिझायरला. भारत एनकॅप ही आपली स्वतःची तशीच चाचणीही ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे. मेसेज लिहिणारा दहा वर्षं झोपला होता का?

किमतीचं थोडक्यात. गुरुग्राममध्ये बनलेली पाच दारांची जिम्नी जानेवारी 2025 मध्ये जपानात 26 लाख 51 हजार येनला आली, म्हणजे आपले चौदा-पंधरा लाख. इथे ती तेव्हा पावणेतेरा लाखांच्या आसपास सुरू होत होती. टेस्लासारखी पूर्ण आयात गाडी इथे महाग पडते हे खरं, कारण सीमाशुल्क. म्हणून तर संभाजीनगरजवळच्या आपल्या शेंद्र्यात सुटे भाग आणून गाड्या जोडतात.

बाकी, दाजी, दोन्ही क्लिपा गाडी धुताना हरवल्या नाहीत. त्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, अन् परत मिळणार नाहीत.